दुसऱ्याच्या दुधाचा एसएनएफ

वाचकाचं पत्र:

«ताई, आमच्या गावच्या दूध संस्थेत माझे काका सचिव आहेत. संकलनाच्या मशीनमधून सकाळ-संध्याकाळ फाइल निघते. तिच्यातून कमी प्रतीच्या दुधाची यादी काढायला मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. फॅट ३.५ च्या खाली किंवा एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ८.५ च्या खाली गेला की सभासद यादीत येतो, पुढे त्याचे दोन्ही आकडे. गेल्या आठवड्यात एक सभासद पावती घेऊन आले. यादीत त्यांचा एसएनएफ ८.२, पावतीवर ८.६. त्याआधी चारचौघांत त्यांना ‘पाणी घालता काय’ असं विचारून झालं होतं. मी फाइल उघडली तर तिच्यातही ८.६च. स्क्रिप्ट एकही एरर देत नाही. मागे एकदा नेमएरर (‘हे नाव माहीत नाही’ अशी पायथनची तक्रार) आला होता, तेव्हा मी वरती ‘एसएनएफ = ०’ अशी ओळ टाकली आणि तो गेला. आता ऑरच्या जागी उभी रेघ टाकून, कंस वाढवून बघितलं तर आकडे बरोबर येतात, पण का येतात ते कळत नाही. मित्र म्हणतो, वॉलरस वापरूच नको. खरंय का? आणि काकांना काय सांगू?»

पत्रासोबत आलेल्या ओळी अशा. (फॉर, इन, इफ, ऑर आणि पुढे येणारा अपेंड हे शब्द इथे देवनागरीत छापलेत, मशीनला ते इंग्रजीतच द्यावे लागतात, आकडेही. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत खुशाल चालतात. := या खुणेला वॉलरस म्हणतात: ती किंमत नावात ठेवते आणि त्याच ओळीत वापरायलाही देते.)

संशयित = [
    (सभासद, फॅट, एसएनएफ)
    फॉर सभासद, ओळ इन नोंदी
    इफ (फॅट := वाच(ओळ, "फॅट")) < ३.५
    ऑर (एसएनएफ := वाच(ओळ, "एसएनएफ")) < ८.५
]

उत्तर:

तुमची यादी बरोबर आहे. यादीतले आकडे चूक आहेत. ऐकायला विचित्र वाटेल, पण इतके दिवस हे कोणाच्या लक्षात का आलं नाही, त्याचं कारण यातच आहे. कोण यादीत यायला हवा आणि कोण नको, हा निवाडा ही स्क्रिप्ट दर वेळी अचूक करते. सभासदांची संख्या जुळते, नावं जुळतात. ज्याचं फॅट कमी आहे त्याच्या नावापुढे एसएनएफ म्हणून जो आकडा छापला जातो, तो मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी दुधाचा असतो.

पाच नोंदी घेऊन बघू. १०१ नंबरच्या सभासदाचं फॅट ३.८, एसएनएफ ८.६. १०२ चं ३.६ आणि ८.२. १०३ चं ३.३ आणि ८.६. १०४ चं ३.९ आणि ८.७. १०५ चं ३.२ आणि ८.१.

१०१ पाशी पायथन फॅट वाचतो. ते ३.५ च्या वर आहे, म्हणून ऑरच्या उजवीकडे जावंच लागतं. एसएनएफ वाचला, ८.६, तोही ठीक. सभासद यादीबाहेर. १०२ चं फॅट ठीक, एसएनएफ ८.२, म्हणून तो यादीत आला, आणि दोन्ही आकडे त्याचेच. आता १०३. फॅट ३.३, म्हणजे डावी बाजू खरी ठरली. ‘किंवा’च्या एका बाजूचं उत्तर हो आलं की दुसऱ्या बाजूने निकाल बदलू शकत नाही, म्हणून पायथन उजवीकडे बघतच नाही. यालाच शॉर्ट-सर्किट म्हणतात. उजवीकडे बघितलं नाही, म्हणजे तिथलं वाचन झालं नाही, आणि वॉलरसने करायची नोंदही झाली नाही. एसएनएफ या नावात १०२ चे ८.२ होते, ते तसेच राहिले. यादीत छापलं गेलं: १०३, ३.३, ८.२.

तुमच्या पावतीवाल्या सभासदांचं नेमकं हेच झालंय.

पुढे बघा. १०४ चं सगळं ठीक, तो यादीबाहेर, पण जाता जाता एसएनएफमध्ये ८.७ ठेवून गेला. १०५ चं फॅट ३.२, त्याचा एसएनएफ वाचलाच गेला नाही, आणि त्याच्या नावापुढे छापलं गेलं ८.७. हा आकडा ज्याचा आहे तो माणूस यादीत नाहीच, त्यामुळे यादी कितीही वेळा वाचली तरी संशय येणार नाही.

दुधाच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो तो तुमच्या काकांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. पाणी मिसळलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. मलई काढली असेल, किंवा वैरणीत कोरडा चारा कमी पडून जनावराचं फॅट उतरलं असेल, तर एसएनएफ फारसा हलत नाही. म्हणजे फॅट कमी आल्यावर पुढचा सगळा निष्कर्ष एसएनएफवर उभा असतो, आणि तुमची स्क्रिप्ट नेमका तोच आकडा त्याच वेळी वाचत नाही. १०३ ने पाणी घातलेलं नाही, त्याच्यावर आळ आला. १०५ चे दोन्ही आकडे खरोखर खाली आहेत, त्याच्याकडे विचारणा व्हायला हवी होती, तो सुटला.

आता, मागच्या सभासदाचा आकडा पुढच्यापर्यंत टिकतोच कसा? कॉम्प्रिहेन्शनमधला, म्हणजे चौकोनी कंसात एकदम यादी बनवायच्या या रीतीतला, फॉर जी नावं भरतो, तुमच्या बाबतीत सभासद आणि ओळ, ती आतल्या आत राहतात. काम संपलं की बाहेर त्यांचा मागमूस नसतो. पायथन २ च्या लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये ती बाहेर सांडायची, ते पायथन ३ मध्ये बंद केलं. वॉलरसने भरलेलं नाव मात्र या नियमाला अपवाद आहे. ते कॉम्प्रिहेन्शनच्या बाहेरच्या फंक्शनमध्ये, आणि फंक्शन नसेल तर थेट मॉड्यूलमध्ये, म्हणजे अख्ख्या स्क्रिप्टच्या पातळीवर, जाऊन बसतं. म्हणजे सगळ्या सभासदांसाठी मिळून एसएनएफची पाटी एकच. नवीन लिहिलं तर बदलते, नाही लिहिलं तर आधीचं तसंच राहतं.

हे कोणाच्या नजरचुकीने झालेलं नाही. वॉलरस आणणारा पीईपी ५७२ हा पायथनमधल्या बदलाचा लेखी प्रस्ताव ख्रिस अँजेलिको, टिम पीटर्स आणि पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा, आणि त्यात हे मुद्दाम असं ठेवलंय. हेतू असा की एनी वापरून ‘यांतलं एखादं तरी बसतं का’ असं विचारल्यावर, बसणारं नेमकं कोणतं तेही बाहेर हाती लागावं. या प्रस्तावावर इतकं रण माजलं, की तो मान्य झाल्यावर १२ जुलै २०१८ रोजी गिडोंनी पायथनच्या अंतिम निर्णयाधिकारावरून आपण बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. वॉलरस आला तो १४ ऑक्टोबर २०१९ च्या पायथन ३.८ मध्ये. मला स्वतःला तो आवडतो. पण त्याच्यावरून माणसं का भांडली, तेही तुमच्यासारखी पत्रं वाचताना पटतं.

तुमच्या त्या नेमएररबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणात मशीन एकदाच खरं बोललं ते तेव्हा. त्या दिवशी फाइलमधल्या पहिल्याच सभासदाचं फॅट ३.५ च्या खाली असणार. एसएनएफ वाचला गेला नाही, आणि मागचा शिळा आकडाही नव्हता, कारण मागे कोणी नव्हतंच. पायथनने सांगितलं की हे नाव मला माहीत नाही. तुम्ही वरती शून्य लिहून दिलं आणि त्याचं तोंड बंद केलं. त्यानंतर पहिल्या सभासदाचं फॅट ज्या ज्या दिवशी कमी आलं, त्या त्या दिवशी यादीत त्याच्यापुढे एसएनएफ शून्य छापला गेला असणार. जुन्या याद्या चाळून बघा. असे शून्य दिसले तर तो पुरावाच समजा.

नेमएरर आला की ते नाव वरती कुठल्यातरी किमतीने भरून टाकायची सवय फार जणांना असते. कधीकधी ते योग्यही असतं. पण आधी विचारायचं ते हे: हे नाव भरणारी ओळ कोणत्या परिस्थितीत चालत नाही? आणि तुम्ही हे ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे कोड सेल नावाच्या तुकड्यांत चालवायच्या सोयीत, करत असाल तर आणखी जपा. तिथे आधीच्या वेळी चालवलेल्या सेलचा एसएनएफ मेमरीत तसाच असतो. वरती शून्य न लिहिताही नेमएरर येणार नाही. सकाळच्या फाइलमधला शेवटचा वाचलेला आकडा संध्याकाळच्या पहिल्या सभासदाच्या नावावर पडेल.

उभ्या रेघेचं. ऑर हा पुढे जायचं की नाही ते ठरवतो, रेघ तसं काही ठरवत नाही. ती साधा ऑपरेटर आहे, अधिक-उणेसारखी; दोन्ही बाजू आधी काढून घेते, मग जोडते. दोन्ही बाजूंना तुलनेतून आलेले ट्रू किंवा फॉल्स असल्यामुळे उत्तर ऑरसारखंच येतं, आणि मधल्या मधे एसएनएफ दर वेळी वाचला जातो. म्हणून आकडे सुधारले. कंस वाढवावे लागले कारण रेघ तुलनेच्या चिन्हापेक्षा घट्ट बांधते. कंस नसते तर ३.५ आणि एसएनएफ यांनाच ती जोडायला गेली असती आणि टाइपएरर, म्हणजे ‘या प्रकारच्या किमती जोडता येत नाहीत’ अशी तक्रार, आला असता.

तरीही ही दुरुस्ती ठेवू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी, बहुधा तुम्हीच, ती रेघ बघाल, ‘इथे ऑर हवा की’ म्हणाल, आणि नीटनेटकं करण्याच्या भरात जुनी चूक परत आणून ठेवाल. जिचा खरा उद्देश ओळीत कुठे दिसतच नाही अशी दुरुस्ती टिकत नाही.

मग काय करायचं? या कामासाठी माझी पसंती साध्या फॉर लूपला.

संशयित = []
फॉर सभासद, ओळ इन नोंदी:
    फॅट = वाच(ओळ, "फॅट")
    एसएनएफ = वाच(ओळ, "एसएनएफ")
    इफ फॅट < ३.५ ऑर एसएनएफ < ८.५:
        संशयित.अपेंड((सभासद, फॅट, एसएनएफ))

इथे ऑर खुशाल शॉर्ट-सर्किट करू दे, आपलं काही अडत नाही, कारण दोन्ही आकडे त्याच्या आधीच हातात आलेत. वाचणं एकीकडे, निवाडा दुसरीकडे. लूप लिहिला म्हणजे पायथन नीट येत नाही असा एक समज कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांमध्ये दिसतो. तो कोणी पसरवला कोण जाणे. गावातल्या संस्थेची स्क्रिप्ट उद्या दुसऱ्याच कोणी पोराने उघडायची आहे. त्याला वरच्या सहा ओळी एका दमात कळतील.

कॉम्प्रिहेन्शनच हवं असेल तर एक जुनी रीत आहे. एकाच किमतीची यादी करायची आणि तिच्यावर फॉर फिरवायचा:

संशयित = [
    (सभासद, फॅट, एसएनएफ)
    फॉर सभासद, ओळ इन नोंदी
    फॉर फॅट इन [वाच(ओळ, "फॅट")]
    फॉर एसएनएफ इन [वाच(ओळ, "एसएनएफ")]
    इफ फॅट < ३.५ ऑर एसएनएफ < ८.५
]

दिसायला थोडं चमत्कारिक आहे, कबूल. पण फॅट आणि एसएनएफ दोन्ही दर सभासदाला नव्याने भरले जातात आणि बाहेर सांडत नाहीत. पायथन ३.९ पासून ही रीत साध्या असाइनमेंटइतकीच वेगवान केलेली आहे, त्यामुळे वेळ वाया जाण्याची काळजी नको.

वाचन महाग असेल, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी नेटवर्कवर जावं लागत असेल, तर शॉर्ट-सर्किटचा फायदा सोडवत नाही हे मी समजू शकते. तुमच्याकडे एका ओळीतून दोन आकडे उचलायचे आहेत. तिथे वाचवण्यासारखं काही नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटत नाही. अट एकच असेल तर वॉलरस निर्धोक आहे: ओळीत नमुना सापडला का बघायचं, सापडला तर तोच पुढे वापरायचा. दोन अटी अँडने जोडल्या असतील तरीही यादीत येणाऱ्या प्रत्येक नोंदीसाठी दोन्ही नावं ताजी असतात, कारण ‘आणि’ खरं ठरायला दोन्ही बाजू तपासाव्याच लागतात. ऑरमध्ये ही हमी फक्त डाव्या बाजूची. नियम एवढाच पाळा: जे नाव पुढे वापरणार, ते अशा जागी भरा जिथे पोहोचल्याशिवाय पायथनला गत्यंतर नाही.

अँड दिसला म्हणून बेसावध मात्र राहू नका. तुमचीच अट कोणी उलटी लिहिली, ‘फॅट ३.५ किंवा जास्त आणि एसएनएफ ८.५ किंवा जास्त, असं नसेल तर’, तर शब्द अँडचा, पण बाहेर नॉट असल्यामुळे सापळा तोच: फॅट कमी निघालं की अँड तिथेच थांबतो, नॉटमुळे सभासद यादीत येतो, एसएनएफ शिळा. साखळीने केलेल्या तुलनेतही हेच होतं. पहिली तुलना फसली की पुढची बाजू बघितली जात नाही.

कंसाची एक गोष्ट तुम्ही नीट सांभाळली आहे, तिचं कौतुक करते. वॉलरस जवळजवळ सगळ्या ऑपरेटरांपेक्षा सैल बांधतो. तुमचा पहिला कंस ३.५ च्या पुढे जाऊन बंद झाला असता, तर फॅट या नावात आकडा न जाता तुलनेचं उत्तर, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, जाऊन बसलं असतं.

तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण पाठवलेल्या स्क्रिप्टच्या तळाशी आणखी एक जागा दिसली. तिथे एनीच्या आत वॉलरसने सभासद पकडलाय, म्हणजे लिटर शून्य असलेली एखादी नोंद आहे का ते विचारलंय, आणि खाली, कुठल्याही इफच्या बाहेर, त्या पकडलेल्या सभासदाला मेसेज पाठवलाय. एनीला शून्यवाली नोंद सापडली तर तो तिथेच थांबतो आणि नाव बरोबर असतं. नाही सापडली तर तो शेवटपर्यंत जातो, आणि पकडलेल्या नावात फाइलमधला शेवटचा सभासद उरतो. त्याचा काही दोष नसताना रोज त्याला मेसेज जात असेल. मेसेजची ओळ एनी खरा ठरला तरच चालेल अशी इफच्या आत घ्या. फाइल रिकामी असेल तर नाव भरलंच जात नाही, तीही सोय त्यातच होते.

नवीन स्क्रिप्ट तपासायला एक सोपी कसोटी देते. त्याच नोंदी एकदा सरळ क्रमाने द्या आणि एकदा उलट्या क्रमाने, आणि दोन्ही याद्या सभासद क्रमांकाने लावून ताडून बघा. एका सभासदाचा निकाल त्याच्या पुढे-मागे रांगेत कोण उभं होतं यावर अवलंबून असता कामा नये. वरच्या पाच नोंदींवर तुमची जुनी स्क्रिप्ट उलटी चालवलीत तर पहिलीच नोंद १०५ ची येईल आणि वरती लिहिलेला शून्य बाहेर पडेल; १०३ ला ८.२ च्या जागी १०४ चे ८.७ मिळतील.

आता काका. त्यांना सगळं सांगा, आणि सांगायला जाताना हातात कागद घेऊन जा. मूळ फाइल शाबूत आहेत, म्हणजे नुकसान मोजता येतं. स्क्रिप्ट सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या फाइल नव्या लूपमधून काढा आणि जुन्या यादीशी ताडा. एसएनएफ ज्या नोंदींत बदललाय त्या सगळ्या फॅट ३.५ च्या खालच्याच असतील. एखादी वेगळी निघाली तर थांबा, तिथे दुसरीच काही चूक आहे. मग त्यांचे दोन गठ्ठे करा. एकात १०३ सारखे, ज्यांचा खरा एसएनएफ ठीक होता पण यादीने कमी दाखवला. दुसऱ्यात १०५ सारखे. पहिला गठ्ठा काकांपुढे आधी ठेवा. बिलं या यादीवरून निघत होती की थेट मशीनच्या फाइलवरून, ते त्यांना विचारा. यादीवरून निघत असतील तर फरकाची रक्कम काढून पुढच्या बिलात द्यावी लागेल, आणि तो निर्णय काका आणि चेअरमन यांचा आहे, तुमचा नाही. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या कोणाला जुन्या आकड्यांवरून आता काही विचारायला जाऊ नका असं माझं मत आहे. पुढच्या संकलनापासून खरे आकडे समोर येतीलच.

‘कॉम्प्युटरची चूक’ असं मात्र काकांना सांगू नका. तपासायची अट आणि छापायचा आकडा मी एकाच ओळीत बांधले, त्यामुळे काही सभासदांचा एसएनएफ वाचलाच गेला नाही आणि आधीच्याचा छापला गेला, असं सरळ मराठीत सांगितलंत तर त्यांना वॉलरस म्हणजे काय हे कळायची गरज नाही. पावती घेऊन आलेल्या सभासदांना आळ चारचौघांत ऐकावा लागला होता, तेव्हा खुलासाही संस्थेत संकलनाच्या वेळी, लोक रांगेत असतानाच व्हायला हवा. तो तुम्ही करा, काकांवर टाकू नका.